मांडे आणि आंबील

हिवाळ्यातील सुखाच्या खाण्याविषयी बोलावयाचे म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे विलायती देखावा उभा राहतो. खिडकीबाहेर बर्फ पडत आहे, शेगडीत लाकडे पेटली आहेत आणि पुढ्यात वाफाळलेल्या सुपाचा वाडगा आहे. मराठवाड्याच्या वाट्यास बर्फ आलेले नाही. परंतु मार्गशीर्षातल्या पहाटे नांदेडहून देगलूरकडे अथवा लातूरहून निलंग्याकडे ज्याने उघड्या गाडीतून प्रवास केला आहे, तो या प्रांतात थंडी नाही असे म्हणण्यास धजणार नाही. समुद्र दूर, झाडी विरळ, आणि काळी जमीन अशी की सूर्य मावळताच आपली ऊब टाकून देते. पारा मधूनमधून दहा अंशांच्याही खाली उतरतो. तीच जमीन दुपारी अशी तापते की पहाटे पांघरलेली घोंगडी माणसास नकोशी होते. एकाच दिवसात दोन ऋतू भोगावयास लावणाऱ्या या हवेत माणसांनी आपल्या जिभेची आणि जठराची काय व्यवस्था लावली, हे पाहण्यासारखे आहे.

श्रोतेहो, या बाबतीत नवख्या पाहुण्यास पहिला धक्का बसतो तो आंबिलीचा. ऐन थंडीच्या आठवड्यात येथला सर्वांत मानाचा पदार्थ म्हणून त्याच्या हाती जे भांडे येते, त्यात गरम काढा नसतो, मटणाचा रस्सा नसतो, दूधही नसते. त्यात असते ज्वारीच्या पिठाची आंबट, थंड, लसणाच्या वासाची ताकातली पेज. पुण्यामुंबईकडचा पाहुणा ती जपून ओठांस लावतो. दुसरे भांडे मात्र तो स्वतःहून मागतो, असा या भागातील लोकांचा अनुभव आहे. कडाक्याच्या थंडीत थंड आणि आंबट पेय का, या एका प्रश्नाचा धागा धरून मागे जाऊ लागले, तर या भूमीचा आठनऊशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

ही आंबील ज्या दिवशी प्यावयाची तो दिवस मार्गशीर्ष अमावास्येचा. लातूर व धाराशिव जिल्हे, नांदेड जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडील बिदर व कलबुर्गी या पट्ट्यात ही अमावास्या मोठ्या उत्साहाने पाळतात. शहाणी माणसे तिला वेळ अमावास्या म्हणतात. खेड्यातील माणूस येळवस म्हणतो. आदल्या रात्रीपासून घरातील चूल विझत नाही, पण शिजविलेले अन्न घरात कोणी खात नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन आणि आंबिलीची बिंदगी सांभाळीत सारे घर शेताची वाट धरते. लातुरासारख्या व्यापारी शहराची पेठ त्या दिवशी ओस पडते, आणि जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. ज्यास स्वतःचे शेत नाही त्यास कोणा ना कोणाच्या शेताचे आमंत्रण असतेच. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारलेली असते. तिच्यात पाच दगड मांडून त्यांना पांडव मानतात, लक्ष्मीची पूजा करतात, उभ्या पिकावर अन्न आणि आंबील शिंपतात, आणि मग पंगत बसते.

या पंगतीचा खरा मानकरी पदार्थ भज्जी. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे, कारण नावावरून फसगत होते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे व हरभऱ्याचे कोवळे दाणे, मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजर, जे जे त्या आठवड्यात शिवारात हिरवे असेल ते सारे एकत्र शिजवून त्यास चिंचेचा कोळ आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावलेले दाट कालवण म्हणजे भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी आणि खपली गव्हाची खीर. मला स्वतःला भज्जी ही पाककृतीपेक्षा नोंदवही वाटते. खरीप निघालेले आहे, रब्बी अजून घरी यावयाची आहे. तूर शेंगांनी भरली आहे, हरभऱ्यास घाटे धरले आहेत, ज्वारी पोटरीतून बाहेर पडली आहे. त्या दिवशीच्या काळ्या जमिनीत काय उभे आहे याची बिनचूक याद एका हंड्यात मिळते. पाऊस दगा देतो त्या वर्षी भज्जी पातळ होते. तिच्याकडे पाहून वर्षाचे भविष्य सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

आता आंबिलीकडे वळू. ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवावयाचे, ते आंबले म्हणजे पाण्यात शिजवावयाचे, निवल्यावर पुन्हा ताक घालून लसूण, जिरे व मीठ लावावयाचे. थंडीत आंबण्यास वेळ लागतो, म्हणून तिची तयारी दोन दिवस अगोदर करावी लागते. आपल्या वैद्यकाचे मत पाहिले तर यात काही विपरीत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगितली आहे, तीत असा विचार आहे की हेमंतात बाहेरच्या थंड वाऱ्याने देहातील उष्णता आत कोंडली जाते आणि जठराग्नी प्रबळ होतो. अशा वेळी त्यास जड, स्निग्ध, आंबट व खारट आहार द्यावा, नाही तर तो अग्नी देहासच जाळू लागेल. तीळ, बाजरी आणि शेंगदाणे यांनी स्निग्धतेची व जडत्वाची बाजू सांभाळली. आंबटाची व खारटाची बाजू आंबिलीने घेतली. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की पंगत भर दुपारी उन्हात बसते, ताटात पिठूळ व तेलकट पदार्थांची दाटी असते, आणि घास उतरण्यास काही तरी आंबट लागतेच. वैद्यांनी ते शेतकऱ्यास शिकविले की शेतकऱ्याचे पाहून वैद्यांनी लिहिले, हा वाद मी घालीत नाही. माझा कल मात्र शेतकऱ्याकडे आहे.

याच विचाराचे दुसरे एक राजस रूप आपल्याला याच भूमीत सापडते. निलंग्याहून फार दूर नाही असे कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, ही उत्तर चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय भोगावे याचे त्यात सविस्तर वर्णन असून अन्नभोगावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मंडक, पोलिका, वटक ही नावे तेथे भेटतात. आजचे मांडे, पोळी आणि वडा हे त्यांचेच वंशज होत. कोणत्या ऋतूत राजाने कोणत्या रसाचे अन्न घ्यावे हेही सोमेश्वराने नेमून दिले आहे, आणि थंडीच्या दोन ऋतूंपैकी हेमंतास स्निग्ध व उष्ण, तर शिशिरास उष्ण व आम्ल अन्न सांगितले आहे. म्हणजे थंडी आणि आंबट चव यांचे जमते ही गोष्ट राजाच्या मुदपाकखान्यासही ठाऊक होती. परंतु तो ग्रंथ राजभोगाचा आहे. कल्याणीच्या वेशीबाहेर ज्वारी काढणारा कुणबी काय खात होता, हे त्यात शोधू नये.

त्याची साक्ष दुसरीकडे मिळते, आणि नवल असे की तीही त्याच कल्याणीत. सोमेश्वरानंतर एका पिढीच्या आतच, बिज्जलाच्या कारकिर्दीत, बसवण्णा तेथे आले आणि त्यांच्याभोवती शरणांचा मेळा जमला. त्या परंपरेत मादार चेन्नय्याची कथा मोठ्या आदराने सांगतात. चेन्नय्या जातीने अस्पृश्य मानला गेलेला, चोल राजाच्या घोड्यांसाठी गवत कापून आणणारा. तो मनोमन शिवाची पूजा करी आणि आपल्याजवळची आंबील त्यास अर्पण करी. शिवास ती इतकी रुचली, की राजाने वाढलेल्या पक्वान्नांस त्याने स्पर्शही केला नाही. राजा कोड्यात पडला आणि चेन्नय्याची भक्ती उघडकीस आली. कानडीत आंबिलीस अंबलि म्हणतात. बसवण्णांनी आपल्या वचनांत या चेन्नय्याचे नाव पित्याच्या नात्याने घेतले आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि राजाचा कोठार सांभाळणाऱ्या पुरुषाने असे नाते सांगणे, ही बाराव्या शतकात लहान गोष्ट नव्हती.

आंबवलेली पेज या कथेहून कितीतरी जुनी आहे; कथेने तिला मान दिला. एकाच नगरात, तीसचाळीस वर्षांच्या अंतराने, एकाने मांड्यांची कृती लिहून ठेविली आणि दुसऱ्याने आंबिलीची थोरवी गाइली. मांडे आता लग्नकार्यापुरते, तेही मोजक्या घरांत उरले आहेत. आंबील मात्र दरवर्षी लातूर-उदगीरच्या शिवारांत हंडे भरभरून निघते. तथापि येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. येळवशीची पंगत सर्वांची असे आपण अभिमानाने म्हणतो. पण पूर्वीच्या गावगाड्यात सर्व जाती एका रांगेस बसून जेवीत, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. बलुतेदारास वाटा मिळे, परंतु पुष्कळांस तो दुरून मिळे. चेन्नय्याची आंबील देवाने प्याली. माणसांनी तिच्यापासून बोध घेण्यास पुढे फार शतके लावली.

दोन भाषांच्या या शेजाराचे ठसे साऱ्या सणावर उमटलेले आहेत. वेळ अमावास्या हे नाव ऐकून काहीजण 'वेळ' म्हणजे काळ असा अर्थ लावू पाहतात. परंतु कर्नाटकात याच दिवसास एळ्ळु अमावास्ये म्हणतात, आणि कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस हा खेडवळ उच्चारच अशा रीतीने मुळाशी जवळचा ठरतो आणि शहाण्यांचे 'वेळ' हे संस्करण परके ठरते. या भागात बाजरीस सजगुरा म्हणतात. कानडीत ती सज्जे. गव्हाच्या खिरीस लिंगायत घरांतून हुग्गी हे कानडी नाव चालते. पिकावर अन्न शिंपण्याच्या विधीस पलीकडे चरग म्हणतात. आंबील शिंपताना मराठी पोरे जी आरोळी ठोकतात तिच्यातील शब्दही कानडी वळणाचे आहेत. ते ओरडणाऱ्यांस त्यांचा अर्थ ठाऊक नसतो आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही.

बसवण्णांच्या काळच्या आणि आजच्या ताटांत फरक नाही असे मात्र समजू नये. भज्जीतील हिरवी मिरची आणि पोळीतील शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. पोर्तुगीज सोळाव्या शतकात मिरची घेऊन आले, तोवर तिखटाचे काम मिरी, आले आणि लसूण करीत. भुईमूग तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनच्या शेतांत पसरला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोचली आणि मराठवाड्याचा शेतमाल तिच्यावरून बाहेरच्या बाजारपेठांकडे जाऊ लागला. गाडी शेंगा घेऊन गेली, पण येळवशीच्या पोळीपुरत्या ठेवून गेली.

हुरड्याविषयी न बोलता हिवाळ्याचे बोलणे संपविले तर मराठवाड्याची माणसे मला क्षमा करणार नाहीत. ज्वारीचा दाणा दुधाने भरून किंचित घट्ट होऊ लागतो, त्या मोजक्या दिवसांतच त्याच्यात गोडी असते; पुढे त्या साखरेचे पिष्ट होते आणि तोच दाणा भाकरीच्या कामाचा राहतो. म्हणून हुरड्यास मुहूर्त पाळावा लागतो. गोवऱ्यांची आगटी पेटवावयाची, निखाऱ्यांत कणसे खुपसावयाची, आणि हातावर चोळून निघालेले हिरवे ऊन ऊन दाणे तिळाची अगर खोबऱ्याची चटणी, गूळ व दही यांच्याबरोबर खावयाचे. गूळभेंडी, सुरती अशी हुरड्याची खास वाणे शेतकरी बांधाकडेने चार ओळी पेरून राखीत आले. कणसे भाजून खाण्याची ही रीत ग्रंथांतही नोंदली गेली आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त गवताच्या जाळावर भाजलेल्या अर्ध्याकच्च्या शेंगांस होलक, आणि तशाच भाजलेल्या गव्हाच्या लोंब्यांस उंबी म्हटले आहे. हरभऱ्याचा हुळा आणि गव्हाची ओंबी हे आपले शब्द त्यांच्याजवळचेच होत.

नांदेडात आणखी एक चूल आहे, तिची जात निराळी. गुरु गोविंदसिंग १७०८ साली येथे गोदावरीकाठी निवर्तले. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३०नंतरच्या दशकात हजूर साहिबची आजची इमारत उभी राहिली. पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंबरोबर लंगरची गव्हाची रोटी आणि दाट डाळ या ज्वारीच्या मुलखात स्थिरावली. निजामी अमलाने मुसलमान घरांतून पाया, निहारी आणि तहारी आणली. थंडीच्या पहाटे नांदेडच्या जुन्या वस्तीतून चालत गेल्यास या साऱ्या चुलींचा वास एकापाठोपाठ एक येतो.

या अन्नावर संकटे आली नाहीत असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने धान्याची सक्तीची लेव्ही बसविली. १९४७-४८चा हिवाळा रझाकारांच्या दहशतीत गेला. कितीतरी कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि त्या डिसेंबरच्या अखेरीस आलेली अमावास्या ही मुक्त मराठवाड्याची पहिली येळवस. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठी मुलखात आले आणि बिदर, भालकी व हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. दोन महिन्यांनी अमावास्या आली तेव्हा राज्ये दोन झाली होती, आंबील एकच होती. १९७२च्या दुष्काळात लोकांनी परदेशी लाल मिलोच्या भाकरी आणि सरकारी सुकडी यांवर दिवस काढले. मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली ते तिची चव अजून विसरलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे दगावली, आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे हलविता आली. शेते होती तेथेच राहिली. येळवशीस त्या गावांची माणसे नव्या वस्तीतून निघून जुन्या शिवारातच जातात. आणि २०१६च्या एप्रिलमध्ये, पावसाने सतत दगा दिल्यावर, मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. ती ज्या मार्गाने आली तो जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग, आता रुंद केलेला. ज्या वाटेने शंभर वर्षे माल बाहेर गेला त्याच वाटेने प्यावयाचे पाणी आत आणावे लागले.

हल्लीचे संकट मात्र आवाज न करता आले आहे. गेल्या तीसएक वर्षांत लातूर-नांदेडचे खरीप सोयाबीनने व्यापले, पाणी असेल तेथे ऊस चढला, आणि ज्वारीचा पेरा आक्रसत गेला. ज्वारीस मजूर फार लागतात, पाखरे राखावी लागतात, आणि गहू सर्वांच्या घरात पोचला आहे. शेतकऱ्यास दोष देण्याचा अधिकार शहरात पोळी खाणाऱ्यास मुळीच नाही. परिणाम असा, की कडब्याची टंचाई झाली आणि काही ठिकाणी कोपीस उसाचे पाचट किंवा साडीचे पडदे लावण्याची पाळी आली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी मुद्दाम वाण काढले, २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांजवळच्या मळ्यांतून तिकीट लावून हुरडा मिळू लागला. याने ज्वारीचे क्षेत्र वाढेल की नुसती हौस भागेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही. पण एक गंमत ध्यानी घेण्यासारखी आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागेच घरी येते. मार्गशीर्षात त्याची हिरवी शेंग शिवारात नसते. बाजारात इतका भाव खाणाऱ्या या पिकास भज्जीच्या हंड्यात अद्याप जागा मिळालेली नाही. ती तूर, वाल आणि हरभरा यांनी अडवून धरली आहे.

संध्याकाळी ऊन उतरते, वारा पुन्हा बोचू लागतो आणि घोंगड्या बाहेर निघतात. उरलेली आंबील शेजारच्या शेतात पोचती होते. मग पेंढ्यांची चूड पेटवून गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या पिकाभोवती फिरवितात. तिला हेंडगा म्हणतात. पोरे तिच्यामागे धावत असतात. काळोख पडल्यावर रस्त्याने जाणाऱ्यास दूरवर एकेका शेतात असे जाळ फिरताना दिसतात, आणि बिंदग्या रिकाम्या झालेली माणसे गावाकडे परतू लागतात.